फळीमागची हवा

तंजावुरात बोट कशाला, या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन अखिलाचं तोंड दुखलं होतं. समुद्र तिकडे मल्लिपट्टिणमला, आणि बोट इकडे, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या आवारात ओंडक्यांवर चढून बसलेली. येणारे-जाणारे स्कूटर थांबवून बघत राहायचे. "कावेरीला एवढा पूर येणार आहे काय?" असं एकानं विचारलं, तेव्हा अखिलाचा नवरा भरद्वाज इतका खूश झाला की त्यानं त्या माणसाला शिडीवरून वर चढवून अख्खी बोट दाखवली.

आत दाखवण्यासारखं काही नव्हतं. बोट जुनी, केरळातून आणलेली. बाहेरचं कवच फायबरचं होतं आणि ते ठणठणीत होतं. पण आतल्या खोलीला, म्हणजे दोन बाक आणि एक शेगडी मावेल एवढ्या केबिनला, चारी बाजूंनी प्लायवूडचं अस्तर होतं, त्यावर गुलाबी रेक्झिन. भरद्वाजनं कोपरा धरून ओढलं तर रेक्झिन हातात आलं आणि मागची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटून खाली पडली. तिच्या पाठीवर काळी बुरशी होती, लोकरीसारखी दाट.

अखिला साडेतीन वर्षांच्या नित्याला कडेवर घेऊन शिडीखाली उभी होती. तो वास खालपर्यंत आला, तशी ती लेकीचं तोंड पदरात दाबून गेटापर्यंत मागं गेली.

वासाचं भय तिला आधीपासून होतं. आधीच्या भाड्याच्या घरात त्यांनी मुलीच्या खोलीत नवं कपाट करून घेतलं होतं. स्वस्त प्लाय, वरून चकचकीत मायका. आठवडाभरात नित्याची छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी वाफेचं यंत्र घ्यायला लावलं, आणि घरी आल्यावर अखिलानं कपाटाचं दार उघडून आत डोकं घातलं तर तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. ती केमिस्ट्रीची पदवीधर. प्लायच्या डिंकातून काय बाहेर येतं ते तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं, मार्कही मिळवले होते. फक्त कपाट बनवताना ते आठवलं नव्हतं. कपाट गेलं, घर बदललं, सासू-सासऱ्यांजवळ राहायला आले, पण तेव्हापासून ती प्रत्येक नवी वस्तू आधी हुंगायची. सासूबाई वरलक्ष्मी म्हणायच्या, "आमच्या सुनेला नाक दिलं देवानं, बाकी अस्की मागनं दिलं." अस्की म्हणजे सगळं; तंजावूरच्या मराठी घरांतला शब्द.

भरद्वाज कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि शुक्रवार ते रविवार समुद्रगवताच्या पाहणीवर जायचा, दुसऱ्यांच्या बोटींतून. गेल्या हंगामात तर नित्यानं शनिवारला नावच ठेवलं होतं, 'अप्पा नाही'. म्हणून ही स्वतःची बोट. पोंगल झाला की पाण्यात उतरवायची आणि तिघांनी मिळून जायचं, रात्री धक्क्याला बांधलेल्या बोटीत झोपायचं, असं त्याच्या डोक्यात होतं.

"नित्या त्या पेटीत झोपणार?" अखिला म्हणाली.

"पेटी काय म्हणतेस? केबिन आहे. नवं अस्तर मारलं की बंगला होईल."

"अस्तर कशाचं?"

"बघू की. सांबशिव सांगेल ते."

चारचौघांत ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणायची, एकटी असताना 'तू'. आता शिडीखाली सुतार सांबशिव उभा होता, तरी ती म्हणाली, "तू नको, सांबशिव नको. अस्तर मी निवडणार. माझ्या मनाला पटलं तर आम्ही येऊ. नाही पटलं तर तू आणि तुझं गवत."

सांबशिवानं मान खाली घालून मापाची फीत गुंडाळली.

*

त्यानंतरचे काही आठवडे घराच्या गच्चीवर जे चाललं ते बघायला शेजारच्या बायका वाळवणाच्या निमित्तानं आपापल्या गच्चीवर यायच्या.

अखिलानं चार प्रकारच्या फळ्यांचे तळहाताएवढे तुकडे आणवले. कपाटांना वापरतात तो साधा प्लाय. त्याहून बरा, पाण्याला टिकतो म्हणतात तो. मरीन प्लाय, जो बोटींसाठीच बनतो. आणि पांढरी प्लास्टिकची फोम-शीट, जिच्यावर भरद्वाजचा जीव होता. एकेक तुकडा तिनं लोणच्याच्या काचेच्या बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि बरण्या उन्हात मांडल्या. संध्याकाळी एकेक झाकण उघडून ती नाक घालायची, डोळे मिटायची आणि थोडा वेळ तशीच राहायची.

"फळ्यांचं लोणचं मुरलं काय?" वरलक्ष्मी जिन्यातून विचारायच्या. "मीठ पुढं घालशील की आता?"

साधा प्लाय पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांना झोंबला. तेच कपाट, तोच वास. तो तुकडा गेला. उरलेले तिनं इडलीच्या जुन्या भांड्यात उकळायला ठेवले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाणी आटलं की पुन्हा घालून. दुसऱ्या प्लायचे पापुद्रे सुटून पुस्तकासारखी पानं झाली. मरीन प्लाय जसाच्या तसा निघाला. फोम-शीट वाकडी झाली, पण भिजली नाही.

"बघ, पाणी शिरतच नाही," भरद्वाज म्हणाला. "कुजायचा प्रश्नच नाही. उकळत्या पाण्यात कोण बसणार आहे?"

"आणि शेगडी? केबिनमध्येच आहे ना?" तिनं चिमट्यात धरून फोमचा कोपरा गॅसवर धरला. काळा, घशात रुतणारा धूर निघाला. दोघंही खोकत बाहेर आले. त्यानंतर भरद्वाजनं फोमचं नाव काढलं नाही.

बाथरूमच्या मोरीजवळ तिनं तिसरी परीक्षा मांडली होती: ओल्या फडक्यात गुंडाळलेले तुकडे, रोज थोडं पाणी शिंपडून. मरीन प्लाय तिथंही टिकला. एकच अडलं. बरणी उघडली की त्यालाही वास होता. झोंबणारा नव्हता, पण होता; औषधाच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा.

"एवढा तर नव्या चपलेलाही येतो," भरद्वाज म्हणाला.

"नवी चप्पल नित्या नाकावर बांधून झोपत नाही."

इथवर आल्यावर सासरे मध्ये पडले.

बाळकृष्णराव पोस्टातून निवृत्त झाल्यावर तंजावूर पद्धतीची चित्रं काढायचे. सोन्याचा वर्ख, काचमणी, लोण्याचा गोळा धरलेला गुबगुबीत कृष्ण. पण चित्रापेक्षा त्यांना फळीचा अभिमान जास्त. फणसाची फळी, तीच जिची वीणा बनते. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीनं सुती कापड चिकटवायचं, मग त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे लेप चढवायचे, एकावर एक, आणि गुळगुळीत दगडानं घासत बसायचं. फळी तयार व्हायलाच महिना जायचा. उघडी फळी त्यांच्या लेखी नागडी होती.

"मी सांगितलों असतों, पण मला कोण विचारितो?" ते म्हणाले आणि त्यांनी फणसाचा एक तुकडा सुनेच्या हातात दिला. कापड लावलेला, शुभ्र, अंड्याच्या कवचासारखा गार. "हुंग."

अखिलानं हुंगला. काहीच वास नव्हता. नीट लक्ष दिलं तर किंचित चिंचेचा.

"बरणीत घालतेस काय?" सासऱ्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात अशी काही धार होती की वरलक्ष्मींनी जिन्यात थांबून बघितलं.

"नको, अप्पा. घालायची काय गरज?"

तिनं तो तुकडा ना बरणीत घातला, ना उकळला, ना मोरीजवळ ठेवला. सासऱ्यांनी हातानं केलेली, देवाचं चित्र उमटायच्या लायकीची फळी ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीत टाकायची? हात धजला नाही. तिनं ती देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवली. पुढचे चार-सहा दिवस ती जाता-येता तिच्याकडे बघायची. पांढरी, कोरडी, बिनवासाची. घरातलीच. मनाला पटलं.

"फणस," तिनं रात्री जेवताना जाहीर केलं. "मागच्या बाजूनं अप्पांचं कापड, पुढून पॉलिशही नको, नुसतं तेल."

"जड होईल," भरद्वाज म्हणाला.

"होऊ दे."

बाळकृष्णरावांनी दुसऱ्यांदा रसम वाढून घेतलं. ते एरवी घ्यायचे नाहीत.

*

बाळकृष्णराव महिनाभर गिरणीच्या आवारात राबले. सांबशिव फळ्या कापायचा, ते कापड लावायचे. नित्याला चिंचोक्याच्या खळीचं पातेलं ढवळायला मिळायचं, त्यामुळे ती खूश. सांबशिव अधूनमधून कुरकुरायचा, "आय्या, मागची बाजू कोण बघणार आहे? पुढून मायका मारून देतों, लखलखीत."

"मागची बाजू फळीला कळते," बाळकृष्णराव म्हणायचे.

पुढल्या बाजूनं नुसतं तेल प्यालेला पिवळा फणस, आणि कवचाकडच्या बाजूला पांढरं कापड. फळ्या कवचाला घट्ट बसवल्या, सांध्यात दोराही जाऊ नये अशा. सांबशिवाची बढाई खरी होती, त्याचं माप कधी चुकत नसे. दिवाळीच्या आधी काम संपलं, बोटीवर ताडपत्री ताणली, आणि ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला तो लागलाच. भातखाचरं भरली, गिरणीच्या आवारात घोट्याएवढं पाणी. बोट ताडपत्रीखाली बंद राहिली.

कार्तिकात ऊन पडलं तेव्हा ताडपत्री काढली. बाळकृष्णरावांनी आधी नातीला वर नेलं. आपलं काम सगळ्यांत आधी तिनं बघावं अशी त्यांची इच्छा होती. अखिला बसस्टॉपवरून येईपर्यंत आजोबा-नात केबिनमध्ये बाकावर बसून पोळीचा डबा उघडत होती.

तिनं शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिला तो वास आला. ओल्या पोत्याचा, आंबलेल्या पिठाचा, खोल. गुलाबी रेक्झिनच्या मागून आला होता तोच.

"नित्या, बाहेर ये."

"अम्मा, आजानं पोळी—"

"आत्ता बाहेर ये!"

बाळकृष्णराव दचकून उठले. "काय झालं, अखिला? ओल आहे थोडी, दार उघडं ठेवलं की जाईल."

त्या दिवशी संध्याकाळी नित्याला खोकला लागला. दिवेलागणीला छाती वाजायला लागली. अखिलानं वाफेचं यंत्र काढलं, मुलीला मांडीवर घेतलं, तोंडावर मुखवटा धरला आणि यंत्राच्या घरघरीवर तिच्या बरगड्यांची हालचाल बघत बसली. आत जाते, बाहेर येते. जेवणाच्या वेळेपर्यंत श्वास मोकळा झाला आणि नित्यानं मुखवट्यातून विचारलं, "माझी पोळी कुठं?"

तेव्हा कुठे अखिलाच्या हाताची मूठ सुटली.

मुलगी झोपल्यावर भरद्वाज स्वयंपाकघरात आला. "मी संध्याकाळी जाऊन एक फळी काढून बघितली," तो म्हणाला. "अख्ख्या पाठीवर बुरशी आहे. कापडावर. हिरवी, काळी, पिवळी, सगळे रंग."

"चिंचोक्याची खळ," ती म्हणाली. "पीठच ते. बुरशीला पान वाढून ठेवलं आपण."

"हे तुला आधी कळलं नाही? केमिस्ट्री तुझी. बरण्या तुझ्या. इडलीच्या भांड्यात फळ्या शिजवल्यास तू!"

"सगळ्या मोरीत ठेवल्या होत्या. अप्पांची नव्हती ठेवली."

"का?"

तिनं देवघराजवळच्या कोनाड्याकडे बघितलं. त्यालाही एका क्षणात कळलं. तो त्याच माणसाचा मुलगा होता. त्यानं ओट्यावरचं झाकण उगाच सरळ केलं.

"आता त्यांना कोण सांगणार?" तो म्हणाला.

"मी सांगते. निवडली मी."

*

सकाळी तिनं सासऱ्यांपुढे कॉफीचा पेला आणि त्याचा दबरा, म्हणजे खोलगट वाटी, ठेवला आणि उभ्या-उभ्याच सांगितलं. नित्याची छाती कशानं वाजली, कापडावर काय आलं, का आलं. आवाज मऊ ठेवायचा प्रयत्न केला, पण वाक्यं मऊ होईनात. फळ्या काढून टाकाव्या लागतील हे सांगून झाल्यावर ती थांबली.

बाळकृष्णरावांनी कॉफी या पेल्यातून त्या दबऱ्यात ओतली, पुन्हा पेल्यात ओतली. प्याले नाहीत.

"मोरीत बाकी अस्की फळ्या ठेवलीस," ते म्हणाले. "माझी का ठेवली नाहीस?"

"अप्पा, तुमची कशी ठेवणार?"

"म्हणजे? माझी फळी काय माहेरवाशीण होती? इतरांना उकळलीस, जाळलीस, माझीला कोनाड्यात बसवलीस. पोरीच्या श्वासाची गोष्ट होती ना? मग मला काय समजलीस, काचेचं भांडं? बोललीस की तडकेल?"

"तडकलाच असता तुम्ही," आतून वरलक्ष्मींचा आवाज आला.

"तडकलों असतों, मग बरा झालों असतों! ती तरी आजारी पडली नसती." ते उठले आणि देवघरात गेले. कॉफी तशीच राहिली.

अखिलाला रडायला आलं, पण रडायला वेळ नव्हता. फळ्या पुन्हा निवडायच्या होत्या आणि आता तिचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. ती गच्चीवर गेली. जिन्याच्या तोंडाशी छपराखाली मागचे तुकडे पडले होते, भाद्रपदापासून तसेच बरणीबाहेर. तिनं मरीन प्लायचा तुकडा उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. बरणीत घालून दिवसभर उन्हात ठेवला, संध्याकाळी उघडला. औषधाचा वास गेला होता. वास उडायला वेळ हवा होता, तिनं तो दिला नव्हता, एवढंच.

म्हणजे फळी मिळाली. पण पहिल्या, केरळच्या फळ्यासुद्धा प्लायच्याच होत्या, आणि त्या स्वस्त होत्या म्हणूनच कुजल्या असं तिला आता म्हणवेना. फणस स्वस्त नव्हता. दोन्हींच्या पाठीवर तेच उगवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती देवघरात दिवा लावायला गेली तेव्हा बाळकृष्णराव स्टुलावर चढून भिंतीवरचं मोठं चित्र उतरवत होते. त्यांच्या वडिलांच्या वेळचं, रामाच्या पट्टाभिषेकाचं.

"धर खालनं," ते म्हणाले. अबोला त्यांनी सोडला नव्हता, पण चित्र जड होतं. "हेही कापडाचंच. हीच खळ. इतके पावसाळे काढले यानं. मग का नाही कुजलं, ते मला कळू दे."

त्यांनी चित्र पालथं केलं. फळीची पाठ कोरडी, तपकिरी, स्वच्छ. अखिलानं बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ आली. मग तिचं लक्ष चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांकडे गेलं. तिथं औषधाच्या बाटल्यांची दोन जुनी बुचं चिकटवलेली होती.

"ही कशाला?"

"कशाला म्हणजे? खालनं भिंतीला टेकू नये म्हणून. चित्र पुढं झुकतं, मागनं वारा जातो. भिंतीला टेकवलंस की एका पावसात डाग. माझ्या बापानं शिकवलं, मी अस्की चित्रांना लावितों." ते थांबले. त्यांनी बुचांकडे बघितलं, मग सुनेकडे.

"आणि बोटीत?" ती म्हणाली.

"बोटीत सांबशिवानं..." त्यांनी चष्मा काढला. "दोरा जाऊ नये अशा बसवल्या. मी उभा राहून बसवून घेतल्या. भिंतीला ठोकून."

"कवच रात्री गार पडतं, अप्पा. आतल्या हवेतली वाफ मागं जाऊन त्यावर पाणी धरते. बाहेर यायला वाट नाही. खळ नसती तरी उशिरा का होईना, कुजलंच असतं."

"म्हणजे फळ्या टांगायच्या," बाळकृष्णराव म्हणाले. "चित्रासारख्या."

"टांगलेल्या लाटेला पडतील. पण मागं बुचं लावून, फिरक्यांनी धरायच्या. फिरवली की सुटेल. मला हवं तेव्हा काढून बघता येईल."

"रोज काढशील तू."

"काढीन."

अबोला कधी सुटला ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "कालची कॉफी टाकून दिलीस काय? नवी कर मग."

*

सांबशिवाला हे पटवणं सगळ्यांत कठीण गेलं. आयुष्यभर त्यानं फट बुजवण्याचीच मजुरी घेतली होती.

"मुद्दाम फट ठेवायची?" तो म्हणाला. "बोट बघून लोक म्हणतील, सांबशिवाला माप घेता येत नाही."

"लोकांना मी सांगीन, मुद्दाम ठेवली आहे."

"प्रत्येकाला सांगत बसणार, अम्मा?"

"बोट कशाला हे सांगतेच आहे. त्यात आणखी एक."

मरीन प्लायच्या फळ्या कापल्या, कडा राळेनं बंद केल्या, वरून रंग दिला. मग अखिलानं त्या गिरणीच्या आवारात भात वाळवायच्या फरशीवर उभ्या करून ठेवल्या आणि बसवू देईना. पोंगल आला, गेला. भरद्वाज रोज कॉलेजातून येऊन विचारायचा, "झालं का हुंगून?" ती म्हणायची, "अजून नाही." एक शनिवार असाच गेला, मग आणखी काही. तो एकदा चिडून एकटाच दुसऱ्याच्या बोटीतून गेला, आणि नित्यानं 'अप्पा नाही' म्हणून भिंतीवर खडूनं गोल काढला. अखिलाला वाईट वाटलं, पण तिनं फळ्या आत जाऊ दिल्या नाहीत. मासी महिन्यात, उन्हाळा लागता लागता, एका दुपारी तापलेल्या फळीला नाक लावून ती म्हणाली, "आता लावा."

मागं लावायला एवढी बुचं कुठून आणायची? बाळकृष्णरावांनी घरातल्या जुन्या रबरी चपला गोळा केल्या आणि त्यांचे चौकोनी तुकडे कापायला बसले.

"देवाच्या मागं बूच, आणि आमच्या लेकराच्या मागं चप्पल?" वरलक्ष्मी म्हणाल्या. "आणि ही निळी माझी आहे! अजून घालितें मी!"

"तुझी आहे म्हणून तर. नातीच्या पाठीशी आजी नको?"

वरलक्ष्मींनी चप्पल सोडली, पण एकच. दुसरी त्यांनी उगाच बरेच दिवस दारात ठेवली.

*

पहिल्या शनिवारी सकाळी मल्लिपट्टिणमच्या धक्क्यावर उन्हं तिरपी आली होती. मच्छीमार जाळी झटकत होते. भरद्वाज बाहेर दोर गुंडाळत होता. केबिनमध्ये नित्या अजून बाकावर झोपलेली, एक पाय भिंतीवर टेकवून. अखिला केव्हाची जागी होती. रात्री तिनं किती वेळा लेकीच्या छातीवर कान ठेवला ते तिचं तिला ठाऊक.

तिनं नित्याच्या उशाजवळची फळी धरली. चार फिरक्या फिरवल्या. फळी सुटून हातात आली, हलकी. मागं पांढरं कवच दिसलं. त्यावर पहाटेच्या दवाचे थेंब होते. तिनं फळीची पाठ वळवली आणि अख्खा तळहात फिरवला, कोपऱ्यांत, कडांना, निळ्या रबराच्या तुकड्यांखाली. कोरडी. नाक लावलं. रंग, लाकूड, जरासं मीठ.

"अम्मा, काय करतेस?" नित्या उठून बसली होती.

"बघते."

"मी पण."

नित्यानं आपला हात फळीच्या मागं फिरवला, मग आईसारखंच नाक लावलं आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली. "आजीची चप्पल," ती म्हणाली.

दारातून भरद्वाजनं डोकं आत घातलं. "काय गं, पहिल्याच दिवशी बोट मोडायला घेतलीस? निघायचं का?"

"थांब," अखिला म्हणाली. "कवच पुसून घेते. मग पलीकडची एक बघते."

तो आत आला, बाकावर गुडघा टेकला आणि पलीकडच्या फळीची वरची फिरकी, जिथं तिचा हात पोचत नव्हता, ती त्यानं फिरवली.